केबल सोडून इंटरनेटवर टीव्ही: पुण्यातल्या तीन पिढ्यांच्या घरातून एक परीक्षण

केबल किंवा डिश बंद करून टीव्ही केवळ इंटरनेटवर चालवावा का, हा प्रश्न आता पुण्यातल्या बहुतेक घरांत निघतो आणि त्याचा निकाल सहसा घरातली तरुण मंडळी लावतात. मोबाइलवर सगळे दिसत असताना दरमहा केबलचे पैसे कशाला भरायचे, एवढ्यावर चर्चा संपते. मात्र दिवसातून सर्वाधिक वेळ टीव्ही ज्यांच्यासाठी चालू असतो, त्या आजी-आजोबांना कोणी विचारत नाही. म्हणून या परीक्षणात मी नव्या व्यवस्थेची कसोटी त्यांच्या बाजूने लावली आहे. कोथरूडमधल्या आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी मुलगी असे चार प्रेक्षक आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी आम्ही केबल बंद केली आणि गणपती होऊन जाईपर्यंत सगळे काही फायबरच्या इंटरनेटवर पाहिले. क्रिकेटचा हंगाम, पालखी सोहळा आणि पुण्याचा पावसाळा हे तिन्ही त्या काळात येऊन गेल्यामुळे या व्यवस्थेची परीक्षा नीट झाली, असे मला वाटते.

आधी जुन्या व्यवस्थेला न्याय दिला पाहिजे. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात पुण्याचा समावेश होता आणि ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. तेव्हापासून सेट टॉप बॉक्स घराघरांत आला. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली आणि प्रत्येक वाहिनीची किंमत ग्राहकाला वेगळी दिसू लागली. सुरुवातीला पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जोडणी शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे एवढा पाया ठरला. २०२० मध्ये तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या देण्याचे बंधन आले आणि २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. ग्राहकाने हव्या त्याच वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे भरावेत, हा या पद्धतीमागचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात सुट्या वाहिन्या निवडत गेले की बेरीज वाढते आणि पॅक घेतला की ती कमी होते, त्यामुळे चार मराठी वाहिन्या, एक-दोन क्रीडावाहिन्या आणि मुलांसाठी एखादी वाहिनी एवढीच गरज असलेले कुटुंबही कधीच न उघडलेल्या कित्येक वाहिन्यांचे पैसे भरत राहते. शिवाय स्वस्त पॅकमध्ये मराठी वाहिन्या बहुधा साध्या दर्जाच्या मिळतात, आणि मोठ्या पडद्यावर ते चित्र पसरट व धूसर दिसते. तीच वाहिनी एचडीमध्ये हवी असेल, तर किंमत निराळी. घर बदलताना किंवा दुसऱ्या खोलीत टीव्ही लावताना हा हिशेब आणखी वाढतो, कारण दुसऱ्या टीव्हीसाठीही जोडणी शुल्क द्यावे लागते, जरी २०२० च्या नियमांनी ते पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच मर्यादित ठेवले होते.

नव्या व्यवस्थेसाठी आम्ही फार काही विकत घेतले नाही. घरातला टीव्ही जुना असला तरी त्याचा पडदा उत्तम होता. मंदावली होती ती त्याच्या आतली यंत्रणा, आणि काही ॲप त्यावर चालेनाशी झाली होती. नवा टीव्ही घेण्याऐवजी एचडीएमआयच्या खाचेत बसणारी आणि ॲप स्वतः चालवणारी एक स्टिक घेतली आणि काम झाले. स्मार्ट टीव्ही चार-पाच वर्षांचा झाला की अनेकांना तो बदलावासा वाटतो. त्यांनी आधी स्टिक लावून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय चालू केली की स्टिकच्याच रिमोटने टीव्हीही चालू-बंद होतो. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर ही सोय पहिल्या दिवशीच चालू करावी, कारण दोन रिमोटचा गोंधळ त्यांना फार छळतो.

इंटरनेटचा वेग किती लागतो, याबद्दल विनाकारण मोठमोठे आकडे सांगितले जातात. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस एवढीच आहे. म्हणजे ३० एमबीपीएसची सर्वांत स्वस्त जोडणी असली तरी बाहेरच्या खोलीत मालिका, आत मुलीचा अभ्यासाचा व्हिडिओ आणि कोणाची तरी कार्यालयीन बैठक एकाच वेळी आरामात चालते. खरा प्रश्न डेटाचा आहे. एचडी दर्जाचे एक तासाचे पाहणे सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा खाते. दिवसाला पाच तास टीव्ही चालला, तर महिन्याला साधारण ४५० जीबी होतात. घरगुती फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा प्रचलित असल्याने तिथे चिंता नाही. परंतु रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल रिचार्जवर हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवण्याचा विचार कोणी करत असेल, तर एका तासाच्या आतच दिवसाचा कोटा संपेल. पुण्यात शिकायला आलेली, खोली भाड्याने घेऊन राहणारी मुले हा मार्ग नेहमी धरतात. त्यांच्यापुरते फोनवर, कमी दर्जात पाहणेच परवडते.

वेगापेक्षा अधिक त्रास घरातल्या वाय-फायने दिला. फायबरची पेटी दाराशी, टीव्ही हॉलच्या पलीकडच्या भिंतीला आणि मध्ये सिमेंट काँक्रीटचे खांब, अशी आमच्यासारखीच रचना बहुतेक सदनिकांत असते. राऊटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर काम करतो. पहिल्या पट्ट्यात परस्परांवर न येणारे मार्ग केवळ तीन आहेत आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराचा राऊटर त्याच तिघांवर दाटी करतो, म्हणून संध्याकाळी सगळे घरी आले की चित्र अडखळू लागते. दुसरा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे, पण भिंत ओलांडताना तो दमतो. पेठांमधल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत तर तो पुढच्या खोलीतही नीट पोहोचत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीच्या साहाय्य केंद्राने आम्हाला अधिक वेगाची योजना घेण्याचा सल्ला दिला, जो या दुखण्यावर उपायच नव्हता. शेवटी पेटीपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेने एक साधी लॅनची तार ओढली आणि स्टिकला तिचा जोड लावला. त्या दिवसापासून चित्र थांबलेले नाही. इंटरनेटवरचा टीव्ही कायमचा करायचा असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ही एक तार ओढून घ्यावी. एवढ्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

चित्र अडखळते म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले तर चिडचिड कमी होते. ॲपकडे एकाच कार्यक्रमाच्या अनेक दर्जांच्या प्रती असतात आणि प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत कापलेली असते. जोडणी सुरळीत असेल तर वरच्या दर्जाचा तुकडा मागवला जातो, ती मंदावली की खालच्या दर्जाचा. म्हणून मधूनच चेहरे धूसर होतात आणि पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. केबलवर मात्र चित्र एक तर नीट असते किंवा त्याचे चौकोनी ठोकळे होऊन ते गोठते. मला यांतली पहिली तऱ्हा अधिक सुसह्य वाटते, कारण संवाद तुटत नाही. सासूबाईंच्या दृष्टीने तर संवाद ऐकू येणे हेच महत्त्वाचे.

पावसाळ्यात फायबर डिशपेक्षा नक्कीच सरस ठरले. डिशचे संकेत केयू नावाच्या, उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातल्या लहरींवरून येतात आणि मुसळधार पावसात त्या क्षीण होतात, त्यामुळे ऐन पावसात, घराबाहेर पडता येत नसतानाच, टीव्हीवर संकेत नसल्याची पाटी येते. गच्चीवर डिश असलेल्या प्रत्येक पुणेकराला हा अनुभव आहे. फायबरमधून प्रकाश जातो, त्याला पावसाचे सोयरसुतक नाही. त्याला भीती आहे ती कुदळीची. आमच्या भागात रस्ता खोदताना तार तुटली आणि पुढचा दीड दिवस घरात ना इंटरनेट, ना टीव्ही, ना कार्यालयीन काम, अशी अवस्था झाली. केबल वेगळी होती तेव्हा इंटरनेट गेले तरी टीव्ही चालू राहायचा. आता सगळे एकाच तारेवर आले आहे. वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, तसेच फायबरची पेटी आणि राऊटरही इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यायला हवेत. वायरिंग करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

आता मुख्य विषय, म्हणजे मराठी माणसाला हवे ते इथे मिळते का. थोडक्यात उत्तर असे की जवळपास सगळे मिळते, पण एका ठिकाणी मिळत नाही. झी मराठीच्या मालिका झी५ वर आहेत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी आता एकाच छत्राखाली जिओहॉटस्टारवर आहेत, कारण डिस्ने स्टार आणि व्हायकॉम१८ यांच्या विलीनीकरणानंतर १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ते ॲप सुरू झाले. सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, सन मराठीसाठी सन नेक्स्ट. नेटफ्लिक्सकडे मराठी प्रेक्षकाने मराठीसाठी जाऊ नये. तिथे मराठी अगदी थोडे आहे. दूरदर्शनचे सह्याद्री पाहायचे असेल तर प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेले वेव्हज हे ॲप आहे. वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत तर पैसे भरण्याची गरजच उरलेली नाही, कारण मराठीतल्या प्रमुख वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात.

यूट्यूबचे हे थेट प्रक्षेपण आमच्या घरात सर्वाधिक आनंदाचे कारण ठरले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात आल्या, भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामी राहिल्या आणि नंतर माउलींची पालखी दिवे घाट चढली, ते सगळे सासूबाईंनी मोठ्या पडद्यावर, स्वच्छ चित्रात आणि मनात येईल तितका वेळ पाहिले. केबलच्या वृत्तवाहिनीवर पालखीचे दृश्य दोन मिनिटे दिसायचे आणि मग राजकारणाची चर्चा सुरू व्हायची. दगडूशेठ गणपतीची आरतीही त्या आता रोज घरबसल्या थेट पाहतात. गुडघ्यांमुळे गर्दीत जाणे ज्यांना बंद झाले आहे, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि ती जुन्या व्यवस्थेत नव्हती.

मालिकांचा अनुभव मात्र संमिश्र आहे. पैसे भरणाऱ्या ग्राहकांना दिवसाचा भाग टीव्हीवर लागण्याआधीच दाखवण्याची सोय काही ॲपनी केली आहे. सुरुवातीला सासूबाईंना तिचे अप्रूप वाटले. सकाळचा चहा घेतानाच त्या रात्रीचा भाग पाहून टाकत. परंतु साताऱ्याच्या त्यांच्या बहिणीकडे केबल आहे, आणि दोघींचे रोजचे फोनवरचे बोलणे आदल्या रात्रीच्या भागावर चालते. एकीला पुढचे माहीत आणि दुसरीला नाही, त्यामुळे त्या बोलण्यातली मजाच गेली. सासूबाईंनी स्वतःहून ठरवले की मालिका रात्रीच, तिच्या वेळेलाच पाहायची. एकाच वेळी दोन गावांत एकच गोष्ट पाहिली जाणे, याला त्यांच्या आयुष्यात काय किंमत आहे, हे मला तेव्हा उमगले. ॲपची जाहिरात करणारे लोक ‘हवे तेव्हा पाहा’ हा गुण सर्वांत वर ठेवतात; आमच्या घरातल्या मुख्य प्रेक्षकासाठी तो फारसा गुण नव्हता.

जाहिरातींच्या बाबतीत अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे, म्हणून स्पष्ट सांगते. केबलवरच्या वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांच्या जाहिरातींची मर्यादा नियमाने घातलेली आहे. ॲपच्या स्वस्त योजनांमध्येही जाहिराती असतात आणि त्या पुढे ढकलता येत नाहीत. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात आधीच पैसे भरलेल्या सदस्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे मागितले. माझ्या मते हे ग्राहकाशी सचोटीने वागणे नव्हे. वर्षभराचे शुल्क भरताना ज्या अटी होत्या, त्या वर्षाच्या मध्येच बदलल्या गेल्या.

क्रिकेटमध्येही हीच अस्थिरता आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतातले टीव्हीचे हक्क एका कंपनीने आणि डिजिटल हक्क दुसऱ्या कंपनीने घेतले. २०२३ आणि २०२४ चे हंगाम इंटरनेटवर विनामूल्य दिसले, दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि २०२५ पासून ते सशुल्क झाले. केवळ फुकट सामने दिसतात म्हणून ज्यांनी २०२३ मध्ये केबल तोडली, त्यांचा हिशेब दोन वर्षांत फिरला. भारताचे महत्त्वाचे सामने मात्र २००७ च्या कायद्यामुळे प्रसार भारतीला द्यावे लागतात आणि ते दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

थेट सामना पाहताना इंटरनेटवरचे चित्र केबलच्या मागे राहते. तुकडे कापणे, निरनिराळ्या दर्जांत रूपांतर करणे, ते शहराजवळच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवणे आणि ॲपने काही तुकडे आधीच जमवून ठेवणे, या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि एकूण उशीर सहज अर्ध्या मिनिटाच्या घरात जातो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर केबल आहे. तिथे जल्लोष झाला की आमच्याकडे गोलंदाज अजून धावत यायचा असतो, आणि सामन्याच्या अखेरच्या षटकात यामुळे फार विरस होतो. हा दोष एखाद्या ॲपचा नाही, तो पद्धतीतच आहे. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून जे प्रक्षेपण होत असे, ते खाली एक संच पाहत असला काय किंवा पुण्यातले सगळे संच पाहत असले काय, मनोऱ्याला सारखेच. त्याच्यावरचा भार जराही वाढत नसे. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला त्याचा स्वतंत्र प्रवाह द्यावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते, आणि तरीही ते प्रक्षेपण टिकले, याचे अभियांत्रिकी म्हणून मला मनापासून कौतुक वाटते. परंतु ज्या घरात क्रिकेट हाच टीव्हीचा मुख्य उपयोग आहे, त्यांनी केबल किंवा डिश सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्येष्ठांच्या वापराविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावर कोणी लिहीत नाही. केबलच्या रिमोटवर अंक असतात. सासूबाईंना त्यांच्या वाहिन्यांचे क्रमांक पाठ होते. चष्मा न लावता, बटणांच्या जागेवरून त्या हवी ती वाहिनी लावत. स्टिकच्या रिमोटवर अंकच नाहीत. टीव्ही चालू केला की पडद्यावर शेकडो चित्रे येतात. ॲप उघडले की कोण पाहत आहे, असा प्रश्न विचारणारी चौकट येते. मग पुन्हा चित्रे, त्यांत पैसे भरून पाहण्याची, इंग्रजी नावांची, नको त्या मारधाडीची. हवी ती मालिका तिथे असते, पण कालच्या जागी आज असेलच असे नाही, कारण ॲपची मांडणी सतत बदलते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची स्मृती जागेवर बसलेली असते. जागा बदलली की ते आत्मविश्वास गमावतात आणि मग टीव्ही लावून देण्यासाठी कोणाची तरी वाट पाहत बसतात. जी बाई इतकी वर्षे स्वतःचा टीव्ही स्वतः लावत होती, तिला नातीला हाक मारावी लागणे, ही मला या संपूर्ण बदलातली सर्वांत मोठी किंमत वाटते.

दुसरा त्रास लॉगिनचा. काही आठवड्यांनी एखादे ॲप आपोआप बाहेर पडते आणि मोबाइल क्रमांक व ओटीपी मागते. क्रमांक यजमानांचा, ते हिंजवडीला कामावर, आणि दुपारची मालिका सुरू व्हायला पाच मिनिटे उरलेली. ओटीपी फोनवर वाचून दाखवायचा, तो रिमोटच्या बाणांनी एकेक अंक निवडत भरायचा, तोवर त्याची मुदत संपायची. केबलमध्ये हा प्रकारच नव्हता. पैसे भरले की महिनाभर कोणी काही विचारत नसे. ॲप तयार करणाऱ्यांनी टीव्हीवरचे लॉगिन निदान वर्षभर टिकवावे, एवढी माफक अपेक्षा आहे.

यावर आम्ही जे उपाय केले त्यांचा उपयोग झाला, म्हणून नोंदवते. स्टिकच्या पहिल्या पडद्यावरची बाकीची ॲप हलवून सासूबाईंना लागणारी तीनच पहिल्या ओळीत ठेवली. प्रत्येक ॲपमध्ये त्यांच्या नावाचे स्वतंत्र प्रोफाइल केले, त्यामुळे अर्धवट पाहिलेल्या मालिका वरच दिसतात आणि आमच्या आवडीनिवडींची त्यात भेसळ होत नाही. रिमोटवरचे माइकचे बटण दाबून मालिकेचे नाव मराठीत बोलायला शिकवले. नाव पूर्ण आणि सावकाश उच्चारले तर ते बहुतेक वेळा सापडते. ज्या ॲपमध्ये वाहिनी थेट दिसते, तिथे ती कशी उघडायची हेही दाखवले, आणि हा सर्वांत यशस्वी उपाय ठरला. तिथे निवड करावी लागत नाही. जे लागले असेल ते समोर येते आणि एकामागून एक चालू राहते. दुपारी पडल्या पडल्या एखादा जुना मराठी चित्रपट अचानक लागलेला सापडावा, हा आनंद ॲपच्या चित्रांच्या भिंतीतून मिळत नाही, तो चालू वाहिनीतूनच मिळतो.

सेवेच्या बाबतीत गल्लीतला केबलवाला हा अजूनही अजोड आहे. फोन केला की त्याचा माणूस सायकलवरून किंवा दुचाकीवरून येतो, वायर तपासतो, रिमोटमध्ये सेल बदलून देतो, आजींना चुकून बदललेली भाषा पूर्ववत करून देतो. ॲपच्या तक्रारीसाठी पडद्यावरच्या संवादपेटीत टंकलेखन करावे लागते आणि उत्तर यंत्राकडून येते. पुण्यात अनेक ठिकाणी केबलचालकच इंटरनेटही देतात. अशा चालकाकडून दोन्ही घेतले तर तक्रारीला एक माणूस राहतो, आणि मोठ्या कंपनीपेक्षा वेग थोडा कमी असला तरी ज्येष्ठांच्या घरासाठी मी त्यालाच पसंती देईन.

खर्चाचा हिशेब दोन प्रकारे मांडावा लागतो. घरात इंटरनेट आधीपासून असेल, तर तो खर्च टीव्हीच्या खात्यावर धरणे योग्य नाही. आमचे केबलचे बिल महिन्याला ३५० रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४,२०० रुपये होत असे. तीन ॲपच्या वार्षिक योजना घेतल्यावर बचत झाली, पण ती फार मोठी नाही. आणि मुलीच्या हट्टाने नेटफ्लिक्सही घेतले असते, तर २०२१ च्या दरकपातीनंतरच्या महिन्याला १९९ ते ६४९ रुपयांच्या योजनांमुळे ती पूर्णपणे नाहीशी झाली असती. ज्यांच्या घरात इंटरनेट नाही, त्यांना महिन्याला ३९९ रुपयांची साधी फायबर योजनासुद्धा करासह ४७१ रुपयांना पडते, आणि ॲपचे पैसे त्याहून वेगळे; अशांना केबलच स्वस्त आहे. आणखी एक सूचना: शुल्क भरताना यूपीआयवरची आपोआप नूतनीकरणाची परवानगी तपासून घ्यावी, नाहीतर न पाहिलेल्या ॲपचे पैसे पुढच्या वर्षीही जातात.

मुलांच्या दृष्टीने इंटरनेटचा टीव्ही अधिक सुरक्षित करता येतो, हे पालकांना माहीत असावे. २०२१ च्या नियमांनुसार ॲपवरच्या कार्यक्रमांना वयोगटाचे वर्गीकरण द्यावे लागते आणि मोठ्यांच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय ठेवावी लागते. ते कुलूप आपण लावले, तरच उपयोग.

आमचा निर्णय असा झाला. दिवाणखान्यातला टीव्ही इंटरनेटवरच राहील. तिथले चित्र अधिक चांगले आहे, यूट्यूबवरचे थेट सोहळे, मुलीचे माहितीपट आणि आमचे रात्रीचे पाहणे यांसाठी केबलकडे परत जाण्याचे कारण नाही. सासूबाईंच्या खोलीतल्या लहान टीव्हीला मात्र केबलची साधी जोडणी पुन्हा घेतली, मोजक्या मराठी वाहिन्यांसह आणि अंकांच्या रिमोटसह. फ्री डिशचा विचारही केला होता, कारण तिला मासिक शुल्क नाही आणि सह्याद्री तिच्यावर आहे, परंतु सशुल्क मराठी वाहिन्या तिथे नसल्याने त्यांच्या मालिका सुटल्या असत्या. नोकरी करणारी तरुण जोडपी, भाड्याने राहणारे आणि वारंवार घर बदलणारे लोक यांनी केबल निःशंकपणे सोडावी. ज्या घरात ज्येष्ठ माणूस दिवसभर एकटा असतो, त्या घरात ती सोडू नये.

तरीही बंद करून पाहायचेच असेल, तर जोडणी लगेच कायमची तोडू नये. ट्रायच्या नियमांनुसार सेवा काही काळापुरती स्थगित ठेवण्याची विनंती ग्राहकाला करता येते; ती लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि सेट टॉप बॉक्स तोवर घरातच राहू द्यावा. त्या काळात घरातल्या आजी किंवा आजोबा स्वतःहून, कोणाला हाक न मारता, किती वेळा टीव्ही लावतात, तेवढे पाहावे आणि मगच बॉक्स परत करायचा की नाही ते ठरवावे.